अगदी खाजगी

माहितीच्या अधिकाराच्या अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावायचा आणि उत्तरासाठी तीस दिवस थांबायचं, हे मी अकरावी-बारावीच्या पोरांना निवृत्त होईपर्यंत शिकवलं. शिकवताना ऊर भरून यायचा. या अधिकारासाठी अण्णा हजारे ज्या राळेगणसिद्धीहून झगडले ते आमच्याच जिल्ह्यातलं. राज्याचा कायदा आला २००२ मध्ये, देशाचा २००५ मध्ये. पोरांना सांगायचं राहिलं ते एवढंच की आमच्या गावात माहितीला अर्ज लागत नाही, स्टँप लागत नाही आणि तीस दिवस तर कुणालाच दम निघत नाही. पिठाच्या गिरणीत डबा ठेवून दळण होईपर्यंत थांबलं की पहिलं आणि दुसरं अपीलसुद्धा निकाली निघतं.

गाव श्रीगोंदा तालुक्यातलं आहे. नाव सांगत नाही. लेखाचा विषय गोपनीयता आहे, तेव्हा सुरुवात तरी नीट करावी. जिल्ह्याचं नाव ऑक्टोबर २०२४ पासून अहिल्यानगर झालं आहे, पण बसस्टँडवर अजून सगळे ‘नगरला चाललो’ असंच म्हणतात, आणि मीही तसंच म्हणेन.

माझा विषय राज्यशास्त्र. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमतानं निकाल दिला, की खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे. त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले होते. गणिताच्या सरांनी विचारलं, ‘मुलगा झाला की नातू?’ मी म्हणालो, ‘अधिकार झाला.’ त्यांनी दोन पेढे उचलले आणि पेपर तपासायला लागले. अशा माणसाला, आयुष्याच्या उत्तरार्धात, खरूज झाली.

दिवाळीत माझ्या भाच्याचा मुलगा राहायला आला होता. वसतिगृहात असतो. तो दिवसभर बोटांच्या बेचक्या खाजवायचा आणि मी त्याला एकाग्रतेवर व्याख्यान द्यायचो. पोरगं गेलं, फटाके संपले, थंडी पडली आणि मग मला रात्री जाग यायला लागली. खरजेचा किडा कातडीत बीळ करून आत अंडी घालतो. पहिल्यांदाच होत असेल तर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यामुळे कारण आठवत नाही. मी आधी थंडीला दोष दिला, मग तुरीच्या डाळीला, मग नव्या लोकरी मफलरीला. वाचनालयात संविधान दिनाला बोलायला उभा राहिलो तेव्हा डाव्या हाताची बोटं उजव्या हातानं सारखी चोळत होतो. मागून एकजण म्हणाला, सर कलमं मोजतायत.

शेवटी दवाखान्यात गेलो. आमचे डॉक्टर एमबीबीएस आहेत आणि एका गाळ्यात त्यांचा सगळा संसार आहे. पुढे बाकडी, कंपाउंडरचं टेबल, त्यावर नंबरांची वही, आणि मग प्लायवूडचं पार्टिशन. पार्टिशन छतापर्यंत नेलेलं नाही, वारा खेळावा म्हणून. वाऱ्याबरोबर इतरही बरंच खेळतं. त्यात बाजाराचा दिवस. बाकड्यांवर अर्ध्या तालुक्याचा खोकला बसलेला.

‘बेचकीत दाखवा,’ डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज असा की पलीकडच्या कृषी सेवा केंद्रात युरियाचा भाव थांबतो. ‘कंबरेला पण आहे? जांघेत? रात्री जास्त खाजवतं?’

‘डॉक्टर, जरा हळू.’

‘काय?’

‘हळू बोला!’ हे मी ओरडून सांगितलं.

‘सर, खरूज आहे. हळू बोलून जाणार नाही.’

पलीकडे बाकड्यांवरचा खोकला एकाएकी थांबला. डॉक्टर पर्मेथ्रिनचं मलम कसं लावायचं ते सांगत होते : मानेपासून पायाच्या नखांपर्यंत, रात्री, सकाळी आंघोळ. अंगातले आणि अंथरुणाचे कपडे गरम पाण्यातून काढायचे. आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं, कुणाला खाज असो वा नसो. मी मान हलवत होतो पण कान पार्टिशनच्या वरच्या फटीकडे होते. बाहेर आलो. एरवी ‘बसा सर’ म्हणून जागा करून देणारी माणसं आता ‘या सर’ म्हणून जागा करून देत होती, बाहेर जायला.

पुढचे दिवस वर्णन करण्याजोगे नाहीत, पण करतो. भाजीवालीनं सुटे पैसे हातावर न ठेवता तागडीत ठेवले आणि तागडी माझ्याकडे केली. दूधवाला लांबून धार धरायला लागला. त्याचा नेम चांगला आहे हे तेव्हा कळलं. माझा एक जुना विद्यार्थी, ज्याला मी बारावीत तोंडी परीक्षेला पास केलं होतं, भर चौकात मोटारसायकल थांबवून म्हणाला, ‘सर, लिंबाचा पाला उकळून घ्या. आमच्या म्हशीला त्यानंच गुण आला.’

घरी मी ब्र काढला नव्हता. त्याला इतिहास आहे. पूर्वी एकदा सासुरवाडीला लग्नात रात्री अंगावर घ्यायला वाकळ दिली, ती मी नाकाला रुमाल लावून परत केली होती आणि स्वच्छता या विषयावर सासऱ्यांसमक्ष चार शब्द बोललो होतो. ते चार शब्द सौ.नं अजून जपून ठेवले आहेत. आता माझ्याच बहिणीच्या नातवाकडून, माझ्याच गादीवर हा प्रकार आला, हे कसं सांगणार? मी मलमाला ‘थंडीचं क्रीम’ म्हणालो आणि वाचनाच्या नावाखाली बाहेरच्या खोलीत झोपायला लागलो. ती काही बोलली नाही. मला वाटलं, पचलं.

गावावरचा राग निघायला मात्र वाट हवी होती. मग मी कायद्याची पुस्तकं काढली.

माझा प्रश्न साधा होता. एका गाळ्यातला, एका डॉक्टरचा, ऐंशी रुपये फीचा दवाखाना. याला रुग्णाच्या गोपनीयतेचे नियम लागू आहेत की ते फक्त पुण्याच्या लिफ्टवाल्या हॉस्पिटलांना? पहिलंच पान मनासारखं निघालं. भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे आचारसंहितेचे नियम. त्यातला ७.१४ सांगतो की व्यवसाय करताना कळलेलं रुग्णाचं गुपित डॉक्टरनं फोडायचं नाही. अपवाद तीन : न्यायाधीशांचा आदेश, विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला असलेला गंभीर धोका, आणि सरकारला कळवणं बंधनकारक असलेले रोग. यात गाळा किती बाय किती हे कुठंच नाही. नियम डॉक्टरला चिकटलेला आहे, इमारतीला नाही. डॉक्टर झाडाखाली बसला तरी तो लागू. आयुर्वेद आणि होमिओपॅथीवाल्यांनाही आपापल्या परिषदेच्या आचारसंहिता आहेतच. मी ७.१४ वर लाल पेन्सिलीनं खूण केली आणि आनंदानं पाठ खाजवली.

दुसरं हत्यार महाराष्ट्राचं. शुश्रूषागृह नोंदणी कायदा १९४९ चा, आणि त्याच्या नियमांत जानेवारी २०२१ मध्ये रुग्ण हक्कांची सनद घातली गेली. ती दर्शनी भागात लावायची. त्यात गोपनीयता आहे. पण हे रुग्णाला ठेवून घेऊन शुश्रूषा करणाऱ्या ठिकाणांसाठी. नुसती तपासणी आणि चिठ्ठी देणाऱ्या गाळ्याला नाही. इथं माझी गाडी अडली. मग आठवलं की पार्टिशनमागे एक लोखंडी कॉट आहे, तिच्यावर डॉक्टर सलाईन लावतात. सलाईन लावलेला माणूस दोन तास तिथं पडतो, म्हणजे ती खाट, म्हणजे हे शुश्रूषागृह. हा युक्तिवाद पक्का करायला मी पुन्हा दवाखान्यात गेलो आणि पेशंट तपासून होईस्तोवर त्या कॉटची लांबी वितींनी मोजली. कंपाउंडरनं बघितलं. त्या संध्याकाळी गावात बातमी होती की सरांना आता अ‍ॅडमिट करणार आहेत.

तिसरं हत्यार सगळ्यांत मोठं : डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३. डेटा नीट सांभाळला नाही तर दंड अडीचशे कोटी रुपयांपर्यंत. ऐंशी रुपये फीनं तेवढे पैसे जमवायला डॉक्टरांना तीन कोटी साडेबारा लाख पेशंट तपासावे लागतील, असा हिशोब मी वहीच्या मागच्या पानावर केला. त्या रात्री झोप बरी लागली. सकाळी पुढचं वाचलं. कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण डेटा बाळगणाऱ्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होणार. शिवाय हा कायदा फक्त डिजिटल माहितीचा, किंवा कागदावरून डिजिटल केलेल्या माहितीचा. कंपाउंडर मोबाइलवर पेशंटांची यादी ठेवतो, व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट मागवतो, ते त्यात येईल. लहान दवाखाना म्हणून आपोआप सूट मिळणार नाही. पण नंबरांची वही येणार नाही, केसपेपर येणार नाही, आणि डॉक्टरांचा आवाज तर मुळीच येणार नाही. तो अजून डिजिटल झालेला नाही.

न्यू जर्सीतल्या पुतण्याला फोन लावला. तिकडे १९९६ च्या ‘हिपा’ कायद्याचं फार कौतुक ऐकलं होतं. तो म्हणाला, काका, इथं एकट्या डॉक्टरच्या क्लिनिकलाही तो लागतो, पण विम्याचे दावे वगैरे इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं पाठवत असतील तर. रोख पैसे घेऊन कागदावर काम करणारा कुणी असेल तर तो त्यातून सुटू शकतो. आणि वेटिंग रूममध्ये पेशंटचं नाव पुकारायला तिथंही परवानगी आहे. आजार पुकारायचा नाही. मग त्यानं विचारलं, ‘काका, पण तुम्हाला झालंय काय?’ मी सांगितलं. ‘कुणाला बोलू नकोस,’ असंही सांगितलं.

जिल्ह्याचे दाखले शोधावेत म्हणून बसलो तर तेही माझ्या बाजूनं बोलेनात. हिवरे बाजारनं लग्नाआधी एचआयव्ही तपासणी सक्तीची केली तेव्हा देशभर वाहवा झाली. वर्गात मीही टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. पण १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेला एचआयव्ही-एड्स कायदा म्हणतो की संमतीशिवाय तपासणी नाही आणि संमतीशिवाय कुणाला सांगणंही नाही. तेव्हा माझ्या टाळ्या कोणत्या कलमात बसतात? जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं, तिथं कुष्ठरुग्णांना वेगळं न काढता बाकी सगळ्यांच्या बरोबरीनंच तपासलं जाई. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. वेगळी खोली आणि तिच्यावर पाटी आली की आत कोण गेला हे कळायला डॉक्टरनं तोंड उघडावं लागत नाही. एकाच बाकड्यावर ताप, खोकला, कुष्ठरोग सगळे बसले की कुणाचं काय ते कुणाला कळणार? आमच्याकडेही बाकडं एकच आहे. फक्त पार्टिशन छतापर्यंत न्यायचं राहिलंय.

तरीही मी तक्रार लिहिली. आमच्या एका वकील मित्रानं आधीच सावध केलं होतं. म्हणाला, ‘१९९८ चा मिस्टर एक्स विरुद्ध हॉस्पिटल झेड वाचलास का? पेशंटचं एचआयव्हीचं निदान त्याच्या होणाऱ्या बायकोच्या माणसांना कळलं, लग्न मोडलं, तो कोर्टात गेला. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, तिच्या जिवाला धोका होता, हॉस्पिटलचं चुकलं नाही. उद्या तुझे डॉक्टर म्हणतील की संसर्गजन्य आहे, सावध केलं.’

‘खरूज गंभीर नाही,’ मी म्हणालो.

‘मग तक्रार कसली करतोस?’

मी उत्तर दिलं नाही. तहसील कचेरीबाहेर लिंबाखाली एक टंकलेखक बसतो, त्याच्याकडे गेलो. माझा मसुदा त्यानं टाइप केला आणि पद्धतीप्रमाणे चुका काढण्यासाठी खणखणीत आवाजात वाचून दाखवला. सातबाराच्या रांगेतली माणसं गप्प झाली. ‘विषय : अर्जदाराची खरूज जाहीर केल्याबाबत.’ पुढे जागांचा तपशील होता. पुरावा भक्कम असावा म्हणून मीच तो सविस्तर दिला होता. ‘सर, जांघेला ज ला काना आणि अनुस्वार ना?’ त्यानं विचारलं. रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं ‘व्हय व्हय’ म्हणून दुजोरा दिला. प्रती काढल्या : वैद्यक परिषद, जिल्ह्याची दोन कार्यालयं, आणि एक राहिली होती ती वाया जाऊ नये म्हणून पंचायत समिती.

नगरच्या एका कार्यालयात मी ती स्वतः नेऊन दिली. आवक खिडकीवरच्या बाईंनी विषय वाचला आणि कागद फूटपट्टीनं आत ओढून घेतला. शिक्का मात्र नीट मारला. परतीच्या एसटीत डोक्यात प्रकाश पडला की माझी खरूज आता आवक क्रमांकासह सरकारी दप्तरात आहे, म्हणजे माहिती अधिकारात कुणीही मागू शकतो. घामच फुटला. मग आठवलं, नव्या डेटा कायद्यानं माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल केलाय आणि वैयक्तिक माहिती देण्यातून कार्यालयांची सुटका केलीय. तो बदल नोव्हेंबर २०२५ पासून अमलातही आलाय. माहिती अधिकारवाल्यांचा या बदलाला कडाडून विरोध. भ्रष्टाचारी याच्या आडोशाला लपतील, असं त्यांचं म्हणणं, आणि ते मला अजून पटतं. विरोधाच्या निवेदनावर वाचनालयात पहिली सही माझीच होती. आता त्या आडोशाला मी उभा होतो, खाजवत.

आणि खाज काही जाईना. औषध बरोबर लावलं तरी खाज दोन-चार आठवडे रेंगाळते हे खरं, पण माझ्या बेचक्यांत नवे पुरळ दिसायला लागले. त्या रात्री जेवताना सौ. म्हणाली, ‘अहो, तुमच्या तक्रारीत एक चूक आहे.’

घास हातातच राहिला.

‘गावाला डॉक्टरांनी सांगितलं असं लिहिलंय. इस्त्रीवाल्याला कुणी सांगितलं?’

इस्त्रीवाल्याला मी सांगितलं होतं. कपडे वेगळे दिले होते आणि ‘दोन्ही बाजूंनी कडक फिरव’ म्हणालो होतो. त्यानं कारण विचारलं.

‘मेडिकलवाल्याच्या दुकानात फोनवर कोण बोलत होतं? न्हाव्याला वस्तरा बदल असं कोण म्हणालं? वकीलभाऊजींना? न्यू जर्सीला? पुतण्यानं तिकडून सासूबाईंना काळजीनं फोन केला, त्यांनी तुमच्या साऱ्या बहिणींना केला.’ तिनं भाकरी मोडली. ‘बाकड्यावरच्या बायका त्या दिवशी गिरणीत आल्या होत्या, ते खरं. पण त्यांना खरूज एवढंच कळलं होतं. जांघेचं तुम्ही टाइप करून दिलंत.’

‘म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून...’

‘तुम्ही घरी यायच्या आधीपासून.’

‘मग बोलली का नाहीस?’

‘तुम्ही कुठं बोललात? थंडीचं क्रीम म्हणालात. म्हटलं, माणसाचं काही खासगी असतं.’

मी तिच्या हातांकडे बघितलं. बेचक्या स्वच्छ. एकही पुरळ नाही, नखांचा ओरखडा नाही. एकाच घरात, एकाच अंथरुणातून सुरू झालेला हा आजार तिला होऊन, औषधपाणी होऊन, बराही झाला होता. आणि एवढ्या मोठ्या गावात, गिरणी, पार, एसटी स्टँड, कुठंही, कुणालाही पत्ता नव्हता. मी बरा होत नव्हतो कारण बाहेरच्या खोलीतल्या न धुतलेल्या गोधडीत माझा मीच पुन्हा जाऊन झोपत होतो.

‘तू कधी गेली होतीस डॉक्टरांकडे?’

‘आमटी घेऊ का अजून?’ ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दवाखाना बंद व्हायच्या सुमाराला गेलो. एक-दोघं बाकड्यावर होती. डॉक्टरांच्या टेबलावर माझ्या तक्रारीची प्रत होती. कशी आली ते विचारायचं धाडस झालं नाही.

‘सर, बरोबर लिहिलंय तुम्ही,’ ते म्हणाले. आणि आश्चर्य म्हणजे हळू म्हणाले. ‘आवाजाचं चुकतंच माझं. निम्मे पेशंट म्हातारे, बहिरे. ओरडून ओरडून गळा असाच झाला. सुताराला बोलावलंय, पार्टिशन वर नेतो. पंखा एक जास्त लागेल. कंपाउंडरला सांगितलंय, नुसता नंबर पुकारायचा. दवाखाना लहान असला म्हणून नियम लहान होत नाही, ते मला मान्य आहे. ७.१४ आम्हाला शिकवतात हो.’

मला काय बोलावं कळेना. तक्रार मागे घेतो म्हणालो. त्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागेल, विषयाची ओळ पुन्हा लिहावी लागेल, हे लक्षात आल्यावर गप्प झालो. मग खुर्ची पुढे ओढली, पार्टिशनवरच्या फटीकडे बघितलं आणि कुजबुजलो, ‘डॉक्टर, आमची सौ. तुमच्याकडे कधी आली होती?’

डॉक्टर माझ्याहून खाली आवाजात म्हणाले, ‘कोण आलं, आलं का, कशासाठी आलं, हे मी सांगू शकत नाही, सर.’

‘अहो, मी नवरा आहे तिचा!’

‘असाल. त्यांची लेखी संमती आणा.’ त्यांनी मलमाची नवी चिठ्ठी लिहिली, घडी घालून माझ्या हातात ठेवली, आणि मी पार्टिशनच्या बाहेर पडत होतो तेवढ्यात पाठीमागून तो जुना, युरियाचा भाव थांबवणारा आवाज आला : ‘सर, मागच्या वेळचे ऐंशी रुपये राहिलेत!’